खाणीपूर्वीं जमीन व वनस्पति यांची पाहणी

जमिनीच्या पोटांतील द्रव्य वर काढावयाचें तर जमिनीच्या पाठीवर जें कांहीं आहे तें आधीं दूर करावें लागतें. माती खरवडली जाते, झाडें तुटतात, गवत जातें, विहिरींचे झरे वळतात. म्हणून खाणीस परवानगी देण्यापूर्वीं त्या जागीं काय होतें याची नोंद सरकारनें मागावी, असा कायदा आपल्या देशांत झालेला आहे. ही नोंद खाणवाला आपल्या खर्चानें व आपण नेमलेल्या तज्ज्ञांकडून करवितो. तिच्या आधारावर परवानगी मिळते, झालेल्या हानीचा अंदाज बांधला जातो, आणि खाण संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीस आणावयाची तेंहि ठरतें. एवढें महत्त्व असलेल्या कागदांत आपल्या शिवाराचें वर्णन कसें आलें आहे, हें ज्याची जमीन आहे त्याला वाचतां आलें पाहिजे, व तें चुकलें असल्यास दाखवितां आलें पाहिजे. प्रस्तुत पाठाचा हेतु एवढाच आहे.

आटपाडीच्या वाचकास प्रथम असें वाटेल कीं, कोळशाच्या खाणी चंद्रपूरकडे. त्यांचें आपणांस काय? कोळसा आपल्याकडे नाहीं, हें खरें आहे. आपल्या पायांखालीं सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांतील कोळसा त्याहून कितीतरी जुना. पंचवीस कोटि वर्षांहून अधिक काळापूर्वीं गोंडवन भूमीच्या दलदलींत पुरल्या गेलेल्या वनस्पतींचा तो बनलेला आहे. तोच कोळसा आपल्या काळ्या पाषाणाच्या तळाशीं दडून बसला असेल, अशी कल्पना कोणी कोणी करतात. परंतु भूकंपाच्या अभ्यासासाठीं 2011 सालीं कोयनेच्या परिसरांत जें खोल छिद्र घेण्यास आरंभ झाला, त्यांत 933 मीटरपर्यंत काळा पाषाण लागला आणि त्याच्या खालीं एकदम ग्रॅनाइट जातीचा मूळ खडक आला. मध्यें गोंडवनाचा थर मुळींच आढळला नाहीं. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथें घेतलेल्या छिद्रांत पाषाण 338 मीटर भरला व त्याखालीं गाळाचा अगदीं पातळ थर लागून पुढें मूळ खडकच निघाला. तेव्हां माणदेशांत कोळशाची आशा अगर भीति धरण्यास कांहीं आधार नाहीं.

पण दगड आहे, मुरूम आहे, आणि माणगंगेच्या पात्रांत वाळू होती व कांहीं ठिकाणीं अजून आहे. पूर्वीं पांच हेक्टरांहून लहान असलेल्या अशा खाणींस पर्यावरणाची परवानगी लागत नसे. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें 27 फेब्रुवारी 2012 रोजीं ती सवलत काढून टाकली. तेव्हांपासून कोळशाच्या विशाल खाणीस जो कायदा लागू तोच, लहान प्रमाणांत कां होईना, आपल्या माळावरील दगडाच्या खाणीसहि लागू आहे. कोळशाच्या खाणींत हा विषय सर्वांत विस्तारानें हाताळला जातो, म्हणून शिकावयाचें तें तिकडून शिकावें, व वापरावयाचें तें इकडे.

कोळशाच्या खाणीची वाट दोन बाजूंनीं चालते. जमीन घेण्याची बाजू 1957 च्या कोळसाधारी क्षेत्रांच्या कायद्यानें चालते. त्याच्या चौथ्या कलमान्वयें सरकार प्रथम ‘येथें कोळसा शोधावयाचा आहे’ असें जाहीर करतें. सातव्या कलमान्वयें ‘ही जमीन घ्यावयाची आहे’ असें सांगतें. त्यानंतर तीस दिवसांच्या आंत हितसंबंधी माणसाला हरकत घेतां येते. आणि नवव्या कलमाची घोषणा झाली म्हणजे जमीन सरकारची होते. हरकतीच्या कलमांत एक मौजेची तळटीप आहे. ‘या जमिनींतून कोळसा मी स्वतःच काढणार आहें, सरकारनें काढूं नये,’ असें म्हणणें ही हरकत समजली जात नाहीं! आपल्या शेतकऱ्यास असें म्हणण्याची बुद्धि सहसा होणार नाहीं. पण तीस दिवसांची मुदत मात्र त्यानें विसरूं नये. 2015 सालीं 2013 च्या भूसंपादन कायद्यांतील मोबदला व पुनर्वसन यांचीं कलमें या जुन्या कायद्यासहि जोडण्यांत आलीं. जमिनीवरील झाडांची व उभ्या पिकांची किंमत त्या त्या विषयांतील जाणत्या माणसांकडून ठरवून घ्यावी, अशी तरतूद 2013 च्या कायद्यांत आहे.

दुसरी बाजू पर्यावरणाच्या परवानगीची. ती 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनें चालते. खाणीची हद्द हा गाभा, आणि तिच्या सभोंवारचा दहा किलोमीटरांचा प्रदेश हा घेर, असे दोन भाग करून दोहोंतील जमीन, पाणी, हवा, वनस्पति व प्राणी यांची स्थिति लिहावी लागते. वनजमीन असेल तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखालीं निराळी परवानगी लागते. त्या कायद्याचें नांव 2023 सालीं बदललें आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं.

जमिनीची प्रतवारी

जमिनीची प्रत ठरविणें ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तिघांनीं 1847 सालीं जी संयुक्त पद्धति घालून दिली, तींत जमिनीचे रंग, पोत व खोली पाहून आणेवारी लावीत. पावणेदोन हात खोल, काळी, बारीक पोताची जमीन सोळा आणे. खोली कमी होत जाईल तसतसे आणे उतरत जात, आणि अगदीं उथळ मुरमाड जमीन दोन आण्यांवर येऊन थांबे. चुनखडी, वाळूचें मिश्रण, उतार, पाणथळपणा असा एकेक दोष दिसला कीं प्रत एक पायरी खालीं. ही पद्धति साऱ्याच्या दृष्टीनें बनविलेली होती, पण भूमीकडे डोळसपणें पाहण्याची संवय तिनें आपल्या लोकांस लावली, हें मान्य केलें पाहिजे.

हल्लीं जी पद्धति अहवालांत दिसते तिला भूक्षमतेचे आठ वर्ग असें म्हणतात. अमेरिकेंतील मृदसंधारण खात्यानें ती रूढ केली व नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन संस्थेनें आपल्या देशांतील जमिनींस ती लावून दाखविली. पहिले चार वर्ग नांगराखालीं येण्याजोगे. पांचव्यापासून आठव्यापर्यंतचे कुरण, वन व वन्य प्राणी यांसाठीं. खोली, उतार, धूप, निचरा, दगडगोट्यांचें प्रमाण, क्षार या गोष्टींवरून वर्ग ठरतो.

येथेंच आपल्या भागांतील शेतकऱ्यानें सावध राहावयास पाहिजे. आटपाडीची बरीचशी जमीन उथळ, मुरमाड, बरड. आणेवारीच्या हिशेबानें ती तीन-चार आण्यांची. आठ वर्गांच्या हिशेबानें चौथी, अगर त्याहूनहि खालची. परंतु हीच निचऱ्याची हलकी जमीन डाळिंबास मानवते. खोल काळ्या जमिनींत पाणी तुंबून ज्या बागा बसतात, त्या येथें उभ्या राहतात. टेंभू उपसा योजनेनें कृष्णेचें पाणी तालुक्यांत आल्यापासून तर कित्येक माळांचें रूपच पालटलें. तेव्हां केवळ खोली मोजून ‘निकृष्ट जमीन’ असा शेरा मारणारा अहवाल शास्त्राच्या भाषेंत कितीहि शुद्ध असला, तरी व्यवहारांत खोटा ठरूं शकतो. भूक्षमतेचा वर्ग सांगावयाचा तो कोणत्या पिकासाठीं व कोणत्या पाण्यावर, हें त्या शेऱ्याशेजारीं लिहिलें आहे काय, हा पहिला प्रश्न विचारावा. लिहिलें नसेल तर सातबाऱ्यावरील पीकपाहणी पुढें करावी. 2021 पासून ही पाहणी शेतकऱ्यास स्वतः मोबाइलवर नोंदवितां येते. ती जो दरसाल नोंदवीत नाहीं, त्याची बाग कागदावर नसतेच. आणि कागदावर नसलेल्या बागेचें नुकसान कागदावर होत नाहीं.

‘पडीक’, ‘ओसाड’, ‘पोटखराब’ हे शब्द तर अहवालांत फार सैलपणें वापरले जातात. औंध संस्थानच्या कारकीर्दींत 1939 सालीं आटपाडीजवळच्या ओसाड माळावर स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली, व तेथें जन्मठेपेच्या कैद्यांनीं शेती उभी केली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. माळ ओसाड आहे असें म्हणतांना तो कोणाच्या डोळ्यांनीं पाहिला, हें विचारण्यास यापेक्षां जवळचें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं.

जमिनीची तपासणी गांवानें स्वतः करावयाची तर खर्च फारसा नाहीं. शिवारांतील जमिनीचे प्रकार आपणांस माहीतच असतात: नदीकांठची मळई, मधली काळी, चोपण, तांबड, बरड. प्रत्येक प्रकारांत दोनतीन ठिकाणीं तीन फूट लांब-रुंद खड्डा घ्यावा व मुरूम अगर खडक लागेपर्यंत खोदावें. खड्ड्याच्या भिंतीवर वरची गडद माती किती इंच आहे, मुळ्या कोठपर्यंत गेल्या आहेत, चुनखडीचे खडे कोठें सुरू होतात, ओल कोणत्या खोलीवर टिकली आहे, हें पाहून लिहावें. मातीचा नमुना पिशवींत घालून त्यावर गट क्रमांक व तारीख घालावी आणि तो सरकारी मृदचाचणी प्रयोगशाळेंत द्यावा. तोच खड्डा छायाचित्रांत घ्यावा, म्हणजे पुढें वाद पडत नाहीं. जवळच्या विहिरींचें पाणी चैत्रांत व दिवाळींत किती हातांवर असतें, हेंहि त्याच वहींत लिहून ठेवावें. कारण खाणीचा खड्डा विहिरीच्या तळाहून खोल गेला म्हणजे पाणी कोणीकडे वळेल याची खात्री देतां येत नाहीं.

झाडें मोजण्याची रीत

वनस्पतींच्या पाहणींत एक मोठी अडचण असते. सगळें शिवार मोजतां येत नाहीं. म्हणून कांहीं चौकोन आखून त्यांतील झाडें मोजतात, व त्यावरून सर्वांचा अंदाज बांधतात. झाडांसाठीं दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, झुडपांसाठीं पांच मीटरांचा, व गवतासाठीं एक मीटरचा चौकोन घेण्याची सर्वसाधारण चाल आहे. यांतील पहिला चौकोन म्हणजे आपला एक गुंठाच होय. तेहतीस फूट लांब व तितकाच रुंद. तेव्हां ज्याला गुंठा आखतां येतो त्याला ही विद्या अर्धी आलीच.

समजा, एका गायरानांत आपण वीस गुंठे निरनिराळ्या जागीं आखले. जागा निवडतांना बरें दिसेल तें पाहून निवडूं नये. ओढ्याकांठ, उतार, माथा अशा सर्व ठिकाणीं सारख्या अंतरावर घ्याव्या. त्यांत हिवर 30, बोर 16, बाभूळ 14, मिळून 60 झाडें भरलीं. हिवर वीसपैकीं 12 चौकोनांत, बोर 8 चौकोनांत, बाभूळ 5 चौकोनांत आढळली. आतां हिवराची दाटी किती? तीस भागिले वीस, म्हणजे गुंठ्यास दीड झाड, एकरास साठ. त्याचा आढळ किती? वीसांत बारा, म्हणजे शेंकडा साठ. एकूण झाडांत त्याचा वाटा शेंकडा पन्नास. तिघांच्या आढळांची बेरीज 60, 40 व 25 मिळून 125. तींत हिवराचा वाटा शेंकडा 48.

तिसरी गोष्ट म्हणजे खोडाची जाडी. छातीच्या उंचीवर, सुमारें साडेचार फुटांवर, दोरीनें घेर घ्यावा. घेराला घेरानें गुणून 12.57 नें भागलें म्हणजे खोडाच्या छेदाचें क्षेत्र मिळतें. साठ सेंटिमीटर घेराच्या झाडाचें तें सुमारें 286 चौरस सेंटिमीटर येतें. अशी सर्व झाडांची बेरीज करून तींत हिवराचा वाटा शेंकडा चाळीस निघाला, असें धरूं. मग पन्नास, अठ्ठेचाळीस व चाळीस यांची बेरीज 138 ही हिवराची महत्त्वसंख्या झाली. सर्व जातींच्या महत्त्वसंख्यांची बेरीज नेहमीं तीनशें भरते. अहवालाच्या परिशिष्टांत जीं लांबलचक कोष्टकें असतात त्यांचा अर्थ एवढाच आहे. त्यांस भिण्याचें कारण नाहीं. बेरीज तीनशें भरत नसेल तर कोष्टक तेथेंच संशयास्पद ठरतें, आणि ही परीक्षा मराठी चौथी शिकलेल्या मुलालाहि घेतां येईल.

चौकोन किती घ्यावे, यासहि एक नियम आहे. पहिल्या चौकोनांत पांच जाती मिळाल्या, दुसऱ्यांत आणखी दोन नव्या, तिसऱ्यांत एक. असें करीत जेव्हां पुढचे तीनचार चौकोन घेऊनहि नवी जात सांपडत नाहीं, तेव्हां थांबावें. शेंकडों हेक्टरांच्या खाणीसाठीं पांचसात चौकोन घेऊन भागविलेलें दिसलें, तर हा नियम पाळला होता काय, असें विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

वनखात्याच्या दृष्टीनें आणखी एक मोजमाप आहे, तें म्हणजे वरून पाहिलें असतां झाडांच्या माथ्यांनीं झांकलेली जमीन. शेंकडा सत्तर व वर असेल तर तें अति दाट वन, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, दहा ते चाळीस विरळ, दहाच्या खालीं झुडुपी. डेहराडूनची वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून असे नकाशे करते. चंद्रपूरच्या साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू यांच्या रानांत हें माप ठीक आहे. मोहाचें झाड वनमजुराच्या घरास वर्षाचे चार पैसे देतें, ही गोष्ट मात्र या मापांत उतरत नाहीं. माणदेशांत तर या मापाचा उपयोग जवळजवळ शून्यच आहे. आपली मूळ वनस्पति म्हणजे गवत. झाडें त्यांत विरळच असावयाचीं. तें गवताळ रान उपग्रहाला ‘झुडुपी’ अगर ‘पडीक’ दिसतें.

कोणत्या ऋतूंत पाहिलें?

माझ्या मतें सर्वांत मोठा दोष येथें आहे. कोळशाच्या खाणीच्या पाहणीसाठीं पावसाळा वगळून एका ऋतूची माहिती गोळा करावी, अशी ठरलेली पद्धति आहे. हवेंतील धूळ मोजावयाची तर पावसाळा नको, हें योग्यच. पण तोच नियम वनस्पतींस लावण्यांत काय हंशील? आपल्याकडे वर्षाचा पाऊस पांचशें मिलिमीटरांच्या आंत. त्यांतला पुष्कळसा भाद्रपद-आश्विनांत पडतो. गवत उगवून, पोसवून, बीं गाळून मोकळें होतें तें मार्गशीर्षाच्या आंत. फाल्गुन-चैत्रांत जो पाहणीस येईल त्याला तरवड, निवडुंग व कांहीं वाळलेलीं काडें दिसणार. ‘क्षेत्रांत उल्लेखनीय वनस्पति आढळली नाहीं’ असें तो लिहील, आणि त्यानें पाहिलें तेवढ्यापुरतें तें खरेंहि असेल.

म्हणून गवताची पाहणी गांवानें स्वतः, दिवाळीच्या सुमारास करावी. एक मीटरची लांकडी चौकट करून ती ठिकठिकाणीं टाकावी, आंतील गवत जमिनीपासून दोन बोटें वर कापावें, जातवार वेगळें करावें, वाळवून तोलावें. मारवेल व पवन्या अधिक असतील तर रान चांगल्या स्थितींत आहे असें समजावें. कुसळी फार माजली असेल तर रान फार चारलें अगर वरचेवर जाळलें गेलें आहे. पण तेवढ्यावरून त्याला टाकाऊ म्हणूं नये. दोनतीन पावसाळे चराई बंद ठेवली तर पुष्कळ रानें सुधारतात. काळ्या जमिनीच्या कडेला कुंदा व हरळी कोठें आहे, तीहि नोंद असावी.

आतां हिशेब पाहूं. चौरस मीटरास सरासरी 150 ग्रॅम वाळलें गवत निघालें, असें समजूं. एकरांत 4,047 चौरस मीटर. म्हणजे एकरीं सुमारें 600 किलो. त्यांतील निम्में जमीन झांकण्यास व पुढील बियाण्यास सोडावें, राहिलें 300. चारशें किलो वजनाच्या खिल्लार बैलास दिवसास सुमारें दहा किलो वाळला चारा लागतो. म्हणजे एका एकराचें गवत एका बैलास तीस दिवस पुरलें. गायरान चाळीस एकरांचें असेल तर बाराशें दिवसांची वैरण, म्हणजे तीन बैलांचें वर्षाहून अधिक पोट, त्या ‘उल्लेखनीय वनस्पति नसलेल्या’ माळावर दरसाल उभें राहतें. मेंढ्यांचा हिशेब केला तर आंकडा याहून मोठा दिसेल, कारण वाळली मेंढी दिवसास किलोभर चाऱ्यावर निभावते. 2012-13 च्या दुष्काळांत माणदेशांत जनावरांच्या छावण्या लावाव्या लागल्या. पेंढी कोणत्या भावानें आणावी लागली तें ज्यानें आणली त्याला विचारावें, व त्या भावानें वरील वैरणीची किंमत काढावी. आटपाडी महाल या नांवानें खिल्लाराचा जो एक प्रकार प्रसिद्ध आहे, तो अशाच माळांवर घडला. उत्तरेश्वराच्या यात्रेंतील जनावरांचा व शेळ्यामेंढ्यांचा बाजारहि याच गवतावर उभा आहे. धनगर बांधव पावसाळ्यांत कोणत्या माळावर व उन्हाळ्यांत कोणीकडे जातात, त्या वाटाहि नकाशावर काढाव्या. कारण सातबाऱ्यावर मेंढीच्या वाटेला रकाना नाहीं.

पक्षी, लांडगे, खोकडें, चिंकारे यांची नोंद जाणत्या माणसाकडून घ्यावी. मेंढपाळास लांडग्याचें वास्तव्य जितकें नेमकें ठाऊक असतें तितकें दोन दिवस जीपमधून फिरणारास नसतें. अर्थात् मेंढपाळ लांडग्याविषयीं फारसें चांगलें बोलणार नाहीं, तेवढें सोडून द्यावें.

वरची माती व परत मिळणारी जमीन

उघड्या कोळसा खाणींत कोळशावरचा दगड, वाळू व माती उचलून बाजूस ढीग करतात. उकरलेली वस्तु फुगते. ती पूर्वींच्या जागेंत सगळी मावत नाहीं. म्हणून खड्ड्याबाहेर टेकड्या उभ्या राहतात, आणि वर्धा व इरई या नद्यांच्या खोऱ्यांत त्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस त्यांचें वर्णन सांगण्याची जरुरी नाहीं. परवानगींत अशी अट असते कीं वरची सुपीक माती वेगळी काढून वेगळी साठवावी व भराव झाल्यावर पुन्हां पसरावी. एका हेक्टरावरील एक फूट माती म्हणजे सुमारें तीन हजार घनमीटर. तिचें वजन चार हजार टनांच्या जवळपास जातें. एवढी माती खालच्या दगडांत मिसळूं न देतां उचलणें हें खर्चाचें काम आहे, आणि जें खर्चाचें तें घाईंत राहून जातें. उंच ढिगांत माती वर्षानुवर्षें पडून राहिली तर आंतील हवा कोंडून जीवाणु मरतात, बीं कुजतें. ढीग ठेंगणा असावा, त्यावर द्विदल जातीचें गवत अगर ताग पेरलेला असावा, व माती होईल तितकी लवकर वापरावी.

ढिगाऱ्यांवर पुन्हां हिरवळ आणतां येते, हें नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें गुमगांवच्या मँगनीज खाणीवर करून दाखविलें आहे. खड्ड्यांत माती, साखर कारखान्याची मळी, नत्र धरणारे जीवाणु व मुळ्यांशीं राहणारी उपकारक बुरशी घालून तेथें झाडें वाढविलीं गेलीं. तें काम स्तुत्य आहे. परंतु झाडें लागलीं म्हणजे शेत परत मिळालें असें नव्हे. निंब, शिसव, बांबू यांनीं ढीग झांकला तरी त्यावर कापूस, तूर अगर ज्वारी केव्हां येईल, हा प्रश्न निराळा आहे. अहवालांत ‘जमिनीचें पुनरुज्जीवन’ असें लिहिलें असेल तेथें कोणत्या उपयोगासाठीं, किती इंच माती घालून व कोणत्या वर्षापर्यंत, हें तिन्ही विचारावें. लहान दगडखाणींत तर बहुधा माती परत येतच नाहीं. राहतो तो खड्डा, आणि त्यांत पावसाचें पाणी.

पाहणीचा उपयोग होतो तरी काय?

होतो. चंद्रपूर जिल्ह्यांत ताडोबाच्या व्याघ्रप्रकल्पाजवळील लोहारा येथील कोळसा एका खाजगी वीज कंपनीस 2007 सालीं देण्यांत आला होता. तेथील रान दाट, व वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचें. पाहणीस दिलेली संमति केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें जानेवारी 2010 मध्यें मागें घेतली व ती खाण झाली नाहीं. पुढें 2020 सालीं त्याच व्याघ्रप्रकल्पाजवळचा बांदर हा कोळसा-खंड लिलांवाच्या यादींत आला असतां, महाराष्ट्र सरकारनें हरकत घेतल्यावर तो वगळला गेला. दोन्ही ठिकाणीं वाघ होता, हें लक्षांत ठेवावें. वाघाच्या नांवानें जें रान वांचतें, तें मारवेलीच्या नांवानें वांचेल अशी आज स्थिति नाहीं. म्हणूनच गवताची वही आपण ठेवावयाची.

जनसुनावणीविषयीं थोडें सांगून हा पाठ पुरा करतों. मोठ्या खाणीसाठीं सुनावणीची जाहिरात एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेंतील दैनिकांत द्यावी लागते, व निदान तीस दिवसांची मुदत ठेवावी लागते. या मुदतींत अहवालाचा मसुदा व त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांच्या कचेरींत पाहावयास ठेवलेला असतो. सारांशावर न थांबतां वनस्पतींचें परिशिष्ट मागून घ्यावें. तें कोणत्या महिन्यांत केलें, किती चौकोन घेतले, चौकोनांचे अक्षांश-रेखांश दिले आहेत काय, हीं तीन स्थळें प्रथम काढावीं. पुष्कळ वेळां अर्धा वाद तेथेंच निकालांत निघतो. दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालांतून उतरलेल्या याद्याहि अशा रीतीनें पकडल्या जातात. माणदेशाच्या यादींत मोह व तेंदू दाट असल्याचें लिहिलें असेल तर अधिक पुराव्याची गरज नाहीं.

पांच हेक्टरांपर्यंतच्या एकट्या खाणीस सुनावणी लागत नाहीं. परंतु एकाच जातीच्या द्रव्याच्या खाणी परस्परांपासून पांचशें मीटरांच्या आंत असल्या, तर त्या मिळून एक समूह धरला जातो व सर्वांचें क्षेत्र एकत्र मोजलें जातें. एकाच डोंगराचे चार तुकडे चार नांवांवर दिसले, तर हद्दींतील अंतरें टेपानें मोजून तहसीलदारांकडे व खनिकर्म अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोंच घ्यावी.

सुनावणी जिल्हाधिकारी अगर त्यांच्या वतीनें निदान अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी चालवितो. गणपूर्तीची अट नाहीं. दहा माणसें आलीं तरी ती होते, व कोणीच बोललें नाहीं तरी ‘हरकत नाहीं’ असेंच तिच्यावरून समजलें जातें. आपलें म्हणणें तोंडी सांगावें आणि त्याच वेळीं लेखीहि द्यावें. लेखाबरोबर खड्ड्यांची वही, गवताचें तोल, झाडांचें कोष्टक व छायाचित्रें जोडावीं. सभेच्या अखेरीस झालेल्या कामकाजाचा वृत्तांत जमलेल्या लोकांस त्यांच्या भाषेंत वाचून दाखवावयाचा असतो. तो वाचून होईपर्यंत कोणी उठूं नये. आपलें वाक्य त्यांत नसेल तर तें तेथेंच घालावयास लावावें, आणि पुढें वृत्तांत ग्रामपंचायतींत लावला जाईल तेव्हां त्याची प्रत वहीशीं ताडून पाहावी.